पळणाऱ्याच्या बाहीवरची तीन पानं

एदो शहरात इसोकिचीइतका भित्रा माणूस शोधून सापडला नसता. गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी हा पलीकडच्या पुलावरून वळसा घालून घरी यायचा. पण चित्रं छापायच्या चेरीच्या फळीवर सुरी टेकवली, की याच्याच हातून राक्षसांना लोळवणारे वीर उतरत. त्यांच्या जटांचा एकेक केस तो असा कोरायचा, की चित्रकाराला स्वतःच्याच चित्राचा हेवा वाटावा. छापलेल्या कागदावर नाव मात्र चित्रकाराचं यायचं आणि प्रकाशकाचं.

"कोपऱ्यात कुठंतरी माझंही टाका की, मालक," असं तो प्रकाशक क्यूबेईला वर्षानुवर्षं म्हणत आला. यंदा क्यूबेई एकदाचा हो म्हणाला. इसोकिची हरखला आणि तिथंच घात झाला.

चित्र होतं राक्षसाचा हात तोडणाऱ्या त्सुना या जुन्या कथेतल्या वीराचं. मागे त्याचा एक सोबती जीव घेऊन पळत होता. त्याच्या बाहीवर चित्रकाराने नुसतं वर्तुळ काढून शेजारी त्याच्या घराण्याच्या चिन्हाचं नाव, 'आंबुशी', एवढंच लिहिलं होतं. घराण्यांची चिन्हं भरणं हे कोरणाऱ्याचं काम. आता आपलं नाव लागणार म्हणून इसोकिचीने आंबुशीच्या तीन पानांची टोकं आत वळवली, वर बारीक शिराही काढल्या. दिसलं मोठं देखणं.

चित्र विकायला लागलं आणि त्याची बायको ओतामी बाजारातून धापा टाकत आली.

"अहो, लोक त्या पळपुट्याकडे बोट दाखवून हसतायत."

"हसू देत. भित्राच आहे तो."

"भित्रे तुम्ही. त्याच्या बाहीवर काय कोरलंत ते बघा जरा. शोगुनसाहेबांच्या घराण्याची पानं आहेत ती."

इसोकिचीने कागद उचलला आणि त्याची पाचावर धारण बसली. तीच पानं होती. अख्ख्या मुलखाच्या धन्याला त्याने राक्षस बघून पळायला लावलं होतं, आणि खाली स्वतःचं नाव कोरलं होतं. याला शिक्षा एकच, हातबेड्या. त्या घालून माणसाला घरात बसवत आणि बेडीवर कागदी मोहोर चिकटवत. हात अडकले तर इसोकिचीत उरतं काय?

तो क्यूबेईच्या दुकानात धावला. फळीवरचं चिन्ह तासलं, तिथं लाकडाचा तुकडा ठोकून बसवला आणि त्यावर साधी आंबुशी कोरायला घेतली. जन्मात पहिल्यांदा त्याची सुरी घसरली.

"विकली गेलेली परत कशी आणणार रे?" क्यूबेई मागून म्हणाला.

"लोक विसरतील, मालक."

"लोक विसरतील. सरकार नाव वाचतं."

दुसरं पान अर्ध्यावर असताना दारात कमरेला दोन तलवारी लावलेला अधिकारी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात ते चित्र होतं.

"इसोकिची कोण?"

कुणीतरी दारात येऊन हे विचारावं, असं इसोकिचीला उभा जन्म वाटत आलं होतं. क्यूबेईने मान खाली घातली. इसोकिचीने सुरी पुसली, जागेवर ठेवली.

"मीच," तो म्हणाला आणि कुणी सांगायच्या आधीच त्याने दोन्ही हात पुढे केले.