धुऱ्यावरची वाट

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही अवघड गेलेल्या पेपरला ‘ट्रॉमा’ म्हणालात आणि हसलात. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर आपल्या शेजारचा जवान आठवला.

आरमोरीजवळ आपल्या शेताला लागून त्याचं शेत आहे. तो माझा जुना विद्यार्थी, जंगलात नक्षलवाद्यांशी लढणाऱ्या पोलीस तुकडीत आहे. तिथे पायवाटेत पुरलेला सुरुंग फुटला आणि त्याच्या पुढे चालणारा सोबती गेला. त्यानंतर तो रजेवर घरी आला, पण कुठल्याही पायवाटेवर पाऊल ठेवीना. शेतातसुद्धा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, न जाता खालच्या चिखलातून चालायचा. नुकतीच रोवणी झालेली. धानाची कोवळी रोपं पायाखाली लोळायची.

रोवणीच्या बाया म्हणायच्या, “भाऊ, आमी रोवून राह्यलो न् तुमी तुडवून राह्यले.”

तो ओशाळून हसायचा. धुऱ्यावर मात्र येत नसे.

नागपूरच्या डॉक्टरांना दाखवून आल्यावर त्याची बायको माझ्याकडे आली. “बाई, डॉक्टर अव्हाइडन का काय म्हनत होते. हे येडं होनं त नाई ना?”

मी म्हटलं, “नाही गं. अव्हॉइडन्स म्हणजे टाळणं. जिथे जीव जाताना पाहिला, तशी जागा दिसली की मन मागे ओढतं. उपचाराने हळूहळू सैल होतं.”

“टाळनं? दोडक्याची भाजीबी टाळतेत ते. तेबी बिमारीच का?” असं म्हणत तिने पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात होते. ती न्याहारीचा डबा घेऊन धुऱ्यावरून निघाली होती आणि तो खालून, चिखलातून, तिच्या बरोबरीने. एकाएकी तो थांबला.

“तू समोर नको चालू.”

“मंग कोन चालन?” म्हणत ती चालतच राहिली.

तो धुऱ्यावर चढला, हाताने तिला मागे सारलं आणि म्हणाला, “माह्या मांगं राय.” सदरा घामाने पाठीला चिकटला होता. जमिनीवर नजर खिळवून, एकेक पाऊल टाकत तो टोकापर्यंत गेला. ती त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत मागून गेली.

भीती त्याच्या अंगात तशीच होती आणि तरी तो तिच्या पुढे झाला, याचं मला फार कौतुक वाटतं.

तसे सुरुंग पुलाखालीही पेरतात, म्हणून गावाबाहेरच्या पुलावरून तो अजून जात नाही. औषधं चालू आहेत. पण शेतात आता दोघं धुऱ्यावरूनच जातात. तो पुढे, ती मागे, आणि मागून तिची बडबड.