जांभळी खुर्दचे टँकर

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही — पण आता पोटात राहत नाही.

दुष्काळाचं साल होतं. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी कंत्राटी ऑपरेटर होते. कोणत्या गावाला किती टँकर जायचे, ते कॉम्प्युटरवर भरायचं. शेजारच्या खुर्चीवर शाहीनआपा. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, डब्यातलं निम्मं मला वाढणाऱ्या. आपा डोळ्यांना फार जपायच्या. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे दर वीस मिनिटांनी स्क्रीनवरून नजर काढायच्या, खिडकीतून लांबच्या कोरड्या टाकीकडे बघायच्या, पापण्या सावकाश मिटायच्या-उघडायच्या. आम्ही चिडवायचो — "आपा, आलं का टाकीत पाणी?" त्याही हसायच्या.

मी मात्र सहा-सहा तास मान वर करायचे नाही. जिल्हा तोडून आमच्या बाजूचा नवा जिल्हा होणार अशी बोलवा होती. झाला की कंत्राटी लोकांना कायम करतील म्हणे — आणि मला सगळ्यांत भराभर काम करणारी म्हणून साहेबांच्या नजरेत भरायचं होतं. डोळे चुरचुरायचे, अक्षरं एकमेकांवर चढायची. मी डोळे चोळायचे आणि पुढची ओळ घ्यायचे. हावरटपणा, दुसरं काय?

यादीत जांभळी बुद्रुक आणि जांभळी खुर्द खालीवर होत्या. एका दुपारी मी खुर्दचे टँकर बुद्रुकवर टाकले. खुर्दला तीन दिवस पाणी नाही. चौथ्या दिवशी तिथल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत आल्या.

पासवर्ड सगळ्यांचा एकच. कुणी भरलं, कसं कळणार? साहेबांनी खोलीभर पाहिलं आणि त्यांची नजर आपांवर थांबली. "डोळ्याचा त्रास तुम्हालाच हाय ना, आपा?"

ती ओळ माझी होती. मला तेव्हाच, त्या क्षणीच आठवलं. एक वाक्य पुरलं असतं. मी कीबोर्डकडे बघत बसले.

आणि आपा? भांडल्या नाहीत. "असंल साहेब, माझीच नजर चुकली असंल," म्हणाल्या — त्यांना खरंच तसं वाटलं हो! महिनाअखेर त्यांचं काम गेलं. निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू बी डोळ्याला आराम देत जा गं. माझ्यासारखं नको होऊ देऊ." घरी जाऊन मी खूप रडले. पण तोंड उघडलं नाही.

नवा जिल्हा काही झाला नाही. मला कुणी कायमही केलं नाही.

मागच्या महिन्यात आपा एका लग्नात भेटल्या. किती आनंद झाला त्यांना! शिवणकाम कधीच सोडलं म्हणाल्या, सुईत दोरा ओवायलाही सून लागते. नातीनं लिहिलेली चिठ्ठी पर्समधून काढून माझ्यापुढं धरली. "वाच की. डॉक्टर म्हणतो नजर चांगली हाय. पर मलाच भरवसा न्हाई राहिला, तवापासून."

त्यांचे डोळे चांगलेच होते. तेव्हाही, आताही. हे त्यांना सांगू शकेल असं जगात एकच माणूस आहे, आणि ते त्यांच्या समोर उभं होतं.

मी चिठ्ठी हातात घेतली आणि त्यांना वाचून दाखवली.