वेगवान केबल

परभणीच्या ऑफिसात आमचे चार कॉम्प्युटर, सगळ्यांच्या फायली ठेवलेल्या एका सर्व्हरला नव्या केबलनं जोडले. "पापणी लवायच्या आत फाइल उघडेल," असं बसवणारा सांगून गेला. पहिले काही दिवस उघडलीही. मग एकेक फाइल उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायला लागला. मी केबल जोडायचं कार्ड बदललं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, शेवटी वैतागून त्याला उदबत्तीही ओवाळली. फरक शून्य. कामं अडली की लोक बघायला यायचे, दाराशी चपला काढायचे आणि आत येऊन मलाच विचारायचे, "आजून झालं न्हाई का?" डोकं फिरायचं माझं.

औरंगाबादहून आलेल्या इंजिनिअरलाही आत काही सापडलं नाही. जाताना तो उंबऱ्यात बूट घालायला बसला आणि तसाच थांबला. चपलांच्या ढिगाखालून केबल गेली होती, पार चपटी झालेली.

नवी केबलही तिथूनच टाकावी लागली, दुसरी वाट नव्हती. मी साहेबांना म्हटलं, "आता इथं चपला काढणं बंद करू."

साहेब दचकले. "मंग काय, कॉम्प्युटरपाशी चपला घालून जायचं?"

मी खाली पाहिलं. मीही अनवाणीच उभा होतो.