मामांचा उजवा हात आणि माझा अर्धवट मजकूर

अन्याय झाला तो उल्हासनगरच्या बबन पेंटरवर, माझ्या मामांवर. कधी, तेही सांगते. लकवा झाल्यावर दहाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, मामा उजव्या हाताने चहाचा कप उचलायला गेले तेव्हा. हात थोडा हलला होता. मी तो धरून उशीवर ठेवला. "आराम करा," म्हटलं. अन्याय करणारी मीच.

मामांना जाऊन पाच आठवडे झाले. बाजारातल्या सिंधी शेठांच्या पाट्या त्यांनी त्याच हाताने रंगवल्या. फ्लेक्स आले तरी आमच्या संघटनेच्या मोर्च्यांचे फलक मात्र मामाच करायचे. त्यांच्या आजारपणात मी पेपरात वाचलं, की मोठ्या माणसाच्या मेंदूतही मूळपेशी असतात. लकव्याचा झटका आला की त्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात आणि इजा झालेल्या जागेकडे सरकतात. पुढचा मजकूर वाचलाच नाही. मला पत्रकाचा मथळा मिळाला होता ना! मामांना म्हटलं, "आतून मोर्चा निघालाय. तुम्ही फक्त पडून राहा."

मग मामा रोज जडावलेल्या जिभेने विचारायचे, "पुढारीणबाई, मोर्चा कुठवर आला?"

"बदलापूर सोडलं, मामा."

"मग अंबरनाथला चहाला थांबणार... माझ्यासारखेच आळशी साले."

मामी हसायची, घास भरवायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाई दोनदा आल्या. "दमवू नका त्यांना," असं सांगून मीच त्यांना परत पाठवलं.

दोन महिन्यांत बोटं मुठीत वळली, ती उघडेनात. तेव्हा डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "पेशी निघतात हे खरं. पण उंदरांत असं दिसलंय, की बहुतेक मरून जातात. उरतात त्या पुरत नाहीत. आपण एवढंच करू शकतो, हात वापरत राहायचं."

"तसं केलं असतं तर हात आला असता?"

"सांगता येत नाही."

आता भांडू कोणाशी? निवेदन कोणाला देऊ? मामांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. ज्या दुसऱ्या झटक्याने ते गेले, त्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी मोर्च्याचं विचारलं. मी म्हटलं, "पोचतोच आहे..."

तुमच्या घरी कुणी लकव्याने पडलं असेल, तर हा पेपर बाजूला ठेवा. हात कधीपासून हलवायचा, किती, कसा, हे आजच डॉक्टरांना विचारा. मग त्या माणसाला करू द्या. तो चिडेल, दमेल, अंगावर सांडेल. सांडू द्या.