डिस्कवाल्याचं गाऱ्हाणं

आमचा डिस्कवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय एन्टर दाबत नसे. देवळात नारळ ठेवून घालतात, तसंच. माउसला हात नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बा रवळनाथा, ह्या डिस्कीवरचो माल दुसऱ्या डिस्कीर सुखरूप पोचव रे म्हाराजा!" दारात मी उभा. मी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" मगच बोट खाली.

कुडाळच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी शिपाई होतो. चौथी नापास. मला कळेल असं सांगायचा तो एकटाच. "भावोजी, हे दोन मोठे कॉम्प्युटर म्हंजे दोन चुली. पण कोठी एकच, ह्या डिस्कींची. कोठीक धक्को लागलो तर दोनय चुली थंड." जुनी डिस्क काढायची तर आधी हुकूम द्यायचा, मग तिच्यावरचं सगळं बाकीच्या डिस्कांवर सरकेपर्यंत वाट बघायची. मध्ये मध्ये तो पडद्याला विचारायचा, उरलं किती? "घर रिकामा झाल्याबिगर भिंतीक हात लावचो नाय," हे त्याचं पालुपद. तोवर आमच्या घरचा डबा खायचा.

भावोजी अशासाठी, की माझ्या बायकोला, शालनला, भाऊ नव्हता. डबे देता देता तिने ह्यालाच भाऊ केला. भाऊबीजेला देवगडच्या त्याच्या घरून यायचा. पाटावर बसून म्हणायचा, "बायो, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळां कमी पडली गो!" ती हसायची. तेच मी बोललो असतो तर तिने ताट उचललं असतं.

एकदा त्याला मुंबईची गाडी गाठायची होती. हुकूम घाईत लिहिला आणि एन्टर दाबला. मी म्हटलं, "सायबा, गाऱ्हाणा?" तर म्हणतो, "रवळनाथाक उशीर चलता, गाडयेक चलना नाय." माल सरकत होता. हा डिस्कांच्या कपाटाकडे गेला आणि डिस्क ओढली. दोन्ही चुली थंड. सगळी कचेरी ओरडायला लागली.

मॅनेजर धावत आला. डिस्कवाला शुद्ध मराठीत बोलला, "साफसफाई करताना शिपायाने डिस्क ओढली." शिपायाने! भावोजी कुठल्या कुठे गेला. त्याच आठवड्यात मला घरी बसवलं.

नोकरी गेली, ते सोसलं. पण शालन म्हणाली, "माझो भाव असो खोटा बोलाचो नाय. तुमचोच धक्को लागलो असतलो." चुलीची शपथ घेऊन सांगितलं, तरी नाही. भाऊबीज आली की ती पाट मांडायची. तो यायचा नाही. मग म्हणायची, "तुमच्या तोंडाक भिऊन येना नाय तो." पाट तिन्हीसांजेपर्यंत तसाच. मरेपर्यंत तिच्या लेखी खोटा मीच.

तिच्या बाराव्याला तो आला. फोटोसमोर बसला, हात जोडले, डोळे मिटले. "बा रवळनाथा, ता काम माझ्या हातान झाला. ह्या माणसाचो काय एक गुन्हो नाय. माझ्या बायेक ह्या समजू दे रे म्हाराजा!"

आणि थांबला. होकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. इतक्या वर्षांची सवय, ओठांवर आलंच होतं माझ्या. पण जिने ऐकायचं तिला मी स्मशानात पोचवून आलो होतो.

त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि परत म्हणाला, "समजू दे रे म्हाराजा!"

मी तोंड उघडलं नाही.