एका गाठीचा टोपला

चंद्रपूर-मूल रस्त्यावरच्या त्या हॉटेलात लोक वाघ पाहून येत आणि जंगल खाऊन जात. लाल मुंग्यांची चटणी, बांबूचे कोवळे कोंब आणि बुधरीबाईच्या हातचा कडूकंद.

कंद खायला पाच मिनिटं, करायला पाच दिवस. खणायचा, सोलायचा, पातळ काप काढायचे, राखेत चोळायचे, उकडायचे. मग टोपल्यात भरून वाहत्या नाल्यात तीन रात्री. दर सकाळी बुधरी टोपल्याच्या दोरीला एक गाठ मारी. तिसरी गाठ बसली की टोपला बाहेर. रांधणाऱ्याने आधी स्वतः खायचं, सावली हातभर सरकेपर्यंत बसून राहायचं, मगच दुसऱ्याला वाढायचं. धानोऱ्याकडच्या गावात आईने तिला हे शिकवलं होतं. पंचावन्न वर्षांत तिने एक गाठ चुकवली नव्हती.

तिच्या काकाने चुकवली. एका रात्रीचा खाल्ला. आधी घसा खाजला. मग झाडं हलून राह्यली म्हणून हसत सुटला. सांजेला गेला.

त्या दिवशी दुपारी ती सरपण घेऊन मागच्या दाराने आली, तर मोरीजवळ टोपला पालथा पडलेला. दोरीला एकच गाठ.

"प्रफुल्लभाऊ, हा कोनं काढला?"

"मीच," मालक म्हणाला. "पाहुण्यांची गाडी लवकर आली. तू त दिसली नाई. अलीकडचा होता, उचलला."

"तीन गाठीचा पलीकडे हाय. दगडाखाली."

"कुकरात सहा शिट्ट्या देल्या न. लोण्यासारखा झाला."

"शिट्टीनं मऊ होते. इख नाई जात."

"हळू बोल, बाई. लोक बसले हायेत."

"किती ताटं गेली?"

प्रफुल्लने कढईकडे पाहिलं. "चार."

तिने मोळी तिथेच टाकली, टोपला उचलला आणि बाहेर गेली.

चौघांपैकी तिघे अजून चटणीवरच होते. हुळहुळत्या जिभेला पाणी पाजत होते. बुधरीने त्यांच्या पुढ्यातल्या कंदाच्या वाट्या उचलून टोपल्यात रित्या केल्या.

"अहो, आम्ही सुरूच नाही केलं," रिना नावाची बाई म्हणाली.

"नका करू. कच्चा राह्यला."

"बाईले घरी कमी पडते वाटते," मागून प्रफुल्ल हसला. कोणी हसलं नाही.

चौथी वाटी रिनाच्या नवऱ्यासमोर होती. रिकामी. पुसून खाल्लेली.

"मला तर आवडला," राजदीप म्हणाला. "घशात जरा खाजतंय. तीच तर मजा."

"भाऊ, उठा. गाडीत बसा. दवाखान्यात जायचं हाय."

"का? ठणठणीत आहे मी." तो खिडकीबाहेर पाहून हसू लागला. "रिना, झाडं बघ. काय वारा सुटलाय."

रिनाने पाहिलं. बाहेर सागाचं पानही हलत नव्हतं.

बुधरीने टोपला रिनाच्या हातात दिला. "हे डॉक्टरले दाखवा. कडूकंद, एक रात्र, असं सांगा." मग राजदीपचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि त्याला उचललं. मोळीपेक्षा जड होता. पायरीपाशी त्याचे गुडघे दुमडले. तो अजून हसतच होता.

"प्रफुल्लभाऊ," ती म्हणाली, "दुसरी बाजू धरा."