पिलरचे हात

वेंडेल झिलिन्स्कीने आपल्या बायकोला फार वर्षांपूर्वी एक वचन दिले होते: पिलर या जुन्या कॉमिकनायकावर सिनेमा निघाला, की त्या दिवशी त्याचा हा पोशाख उतरवीन आणि पुन्हा अंगाला लावणार नाही. अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या काचकारखान्यात भट्टीवरची नोकरी आणि अंगात रग, अशा दिवसांत माणूस बरीच वचने देऊन बसतो. आता नोकरी संपली होती, गुडघे कामातून गेले होते आणि उजवा खांदा वर उचलताना गंजलेल्या बिजागरीसारखा कुरकुरत होता. तरी पानगळ सुरू झाली, की नदीकाठच्या सभागृहात भरणाऱ्या कॉमिकवेड्यांच्या मेळ्यात तो विटकरी रंगाचा पोशाख चढवून उभा राहत असे.

पोशाख आर्लीनने शिवला होता. सोफ्याच्या जाड कापडाचा अंगरखा, वर राखाडी पट्टा, पाठीवर गुडघ्यापर्यंत येणारी कॅनव्हासची झूल. दरवर्षी ती कमरेत थोडी शिवण उसवून जागा करी आणि म्हणे, "आता कापड संपलं हं. पुढच्या वर्षी तू तरी कमी हो, नाहीतर हे सोड."

मेळ्यात त्याला कुणी ओळखत नसे. कुणी त्याला गवंडी समजे. एकदा एका बाईने तो पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात करतो आहे असे समजून त्याच्याकडे सवलतीचे कुपन मागितले होते. मग वेंडेल पिलर कोण ते समजावून सांगू लागे. ऐकणाऱ्याची नजर अर्ध्यावरच दुसऱ्या कुणाच्या तरी चमकत्या तलवारीकडे वळे, तरी तो सांगणे पुरे करी.

सांगण्यासारखे तसे थोडेच होते. पिलर हा सत्तरच्या दशकातला एक दुय्यम नायक. तो उडत नसे, कुणाला मारतही नसे. तो फक्त धरून ठेवी. पूल कोसळू लागला, खाणीचे छत खचले, की पिलर खाली जाऊन दोन्ही हात वर करून उभा राही. माणसे निसटली, की तो एकच प्रश्न विचारी, "सगळे बाहेर पडले?" कुणीतरी हो म्हटल्याशिवाय तो हात खाली घेत नसे. कॉमिक खपले नाही आणि प्रकाशकाने ते मध्येच बंद केले. शेवटच्या अंकाच्या शेवटच्या पानावर पिलर नदीखालच्या बोगद्यात छत पेलून उभा होता. कपाळावर घामाचे थेंब, तोंडाशी तोच प्रश्न, आणि खाली कोपऱ्यात 'पुढील अंकी'. तो पुढील अंक निघालाच नाही.

वेंडेल त्या वेळी कारखान्यात नुकताच लागला होता. कितीतरी महिने तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन विचारत राहिला. पुढे विचारणे सुटले, पण पिलर अजून तिथेच उभा आहे, कुणीतरी त्याला उत्तर दिले पाहिजे, ही गोष्ट त्याच्या डोक्यातून काही गेली नाही. सिनेमा हवा होता तो यासाठी. पुस्तकवाले विसरले, पण सिनेमावाल्यांकडे पैसा असतो. ते गोष्ट पुरी करतील, असा त्याचा भाबडा हिशेब होता.

शनिवारी सकाळी डॉटीच्या हॉटेलात हा विषय हमखास निघे. समोर ओटिस ग्रँबी बसलेला असे. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, कॉमिकच्या बाबतीत कर्मठ. त्याची लाडकी नायिका मिस फॉग. ती धुके पसरवून गुंडांना चकवी.

"सिनेमाला लायक फक्त मिस फॉग," ओटिस अंड्यावर मिरी टाकत म्हणे.

"दोन तास नुसता पांढरा पडदा? बघणार काय, कपाळ?"

"खर्च किती वाचेल ते बघ! आणि तुझ्या पिलरमध्ये काय आहे रे? एक माणूस हात वर करून उभा. बँकेत दरोडा पडला की आमचा मॅनेजरही तसाच उभा राहतो."

"तो भितो म्हणून. हा दुसऱ्यांसाठी."

"वीस वर्षं तेच ऐकतेय," डॉटी कॉफी ओतता ओतता म्हणे. "तुमच्या दोघांवरच काढा सिनेमा. दोन म्हातारे आणि एक टोस्ट. मी बघायला येणार नाही."

वेंडेलने एकदाच, जरा अवघडून, ओटिसला विचारले होते, "मेळ्यातल्या पोशाखांच्या स्पर्धेत मी तो प्रश्न विचारतो ना, तेव्हा तू खालून हो म्हणशील का? म्हणजे एकदाचं..."

ओटिसने काटा खाली ठेवला. "ते मी कसं म्हणू? छापून आलेलं नाही. बोगद्यात आणखी माणसं अडकलेली असली तर? लेखकालाच ठाऊक. आपल्या मनाने म्हणायचं, तर मग उद्या कुणीही काहीही म्हणेल."

वेंडेलला ते पटले. ओटिसच्या जागी तो असता, तर हेच म्हणाला असता.

आणि मग एका शनिवारी ओटिसने आपला मोबाइल टेबलावर सरकवला. पिलरवर सिनेमा येत होता. वेंडेलने बातमी चष्मा पुसून पुन्हा वाचली. डॉटीने आनंदाने सफरचंदाच्या पायचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. घरी आर्लीनने बाजारातून कपडे ठेवायची चेनवाली पिशवी आणि डांबरगोळ्या आणल्या. पिशवी तिने बेसमेंटच्या दाराला टांगून ठेवली. येता-जाता ती वेंडेलला दिसे, आणि खरे सांगायचे तर तिच्याकडे बघून त्याला बरे वाटे. तो दमला होता. हे त्याने कुणाला बोलून दाखवले नव्हते, इतकेच.

सिनेमा उन्हाळ्यात लागला. वेंडेल, आर्लीन आणि ओटिस तिघे मिळून गेले. पडद्यावरचा पिलर तिशीचा होता. त्याचा पोशाख काळा, छातीवर निळ्या उजेडाच्या रेघा. तो उडत होता, ठोसे मारत होता. शेवटी शत्रूची फौज पुलावर आली, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तो पूल मुळासकट उपटला आणि नदीत आदळला. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. वेंडेलच्या हातातला मक्याच्या लाह्यांचा डबा तसाच भरलेला राहिला.

नावांची लांबलचक यादी वर सरकू लागली, तरी तो उठला नाही. या सिनेमांत नावे संपल्यावर एखादा छोटा प्रसंग दाखवतात. बोगदा तिथे असेल, असे त्याला वाटत होते. शेकडो अनोळखी नावे गेली. मग पडदा क्षणभर उजळला, ढिगाऱ्याखालच्या खलनायकाने एक डोळा उघडला आणि दिवे लागले.

"प्रश्नसुद्धा विचारला नाही," वेंडेल म्हणाला.

ओटिस टोपी घालत पुटपुटला, "माझी मिस फॉग अजून शाबूत आहे. देवा, तिच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ देऊ नकोस."

गाडीत आर्लीनने विचारले, "सिनेमा आला ना, वेंडेल?"

"आला."

"मग?"

"पण तो अजून तिथेच उभा आहे, आर्लीन."

संताप तिच्या स्वभावात नव्हता, आणि असता तरी त्याला लागणारी ताकद आता तिच्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना ती पाठमोरीच म्हणाली, "या वर्षी शेवटचं. कमरेत मी जागा करणार नाही, पोट आत ओढ. आणि मी आत येऊन बघणार. माझ्या डोळ्यांदेखत ते उतरलं पाहिजे."

आजवर ती मेळ्याच्या सभागृहात कधी गेली नव्हती. बाहेर गाडीत शब्दकोडे सोडवत बसे.

त्या वर्षी सगळे उलटे झाले. दारातच लोक ओरडले, "पिलर! ए, पिलर!" काळ्या पोशाखातले निदान दहा-बारा पिलर तिथे हिंडत होते. एकाने वेंडेलच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि म्हणाला, "काका, पूल उपटतो तशी पोझ द्या ना!"

"तो पूल उपटत नाही," वेंडेल म्हणाला.

"अहो, सिनेमा नाही पाहिलात? आधी बघा, मग कपडे शिवा."

पोशाखांच्या स्पर्धेला नाव देताना टेबलापलीकडच्या ब्रियाना नावाच्या मुलीने नियमाप्रमाणे मूळ चित्र मागितले. वेंडेलने शेवटच्या अंकाचे मुखपृष्ठ पुढे केले. तिने ते उलटसुलट पाहिले.

"हे कुणी काढलंय? छातीवर लाइट नाहीत. परीक्षक अचूकपणाचे गुण कापतील हं, आधीच सांगते."

"कापू देत."

"बरं. प्रत्येकाला अर्धा मिनिट. माइक समोरच आहे. पायरी सांभाळून, आजोबा."

इतकी वर्षे त्याला समजावून सांगावे लागत होते. आज कुणाला काही सांगायची गरज नव्हती, आणि हेच सर्वांत थकवणारे होते. अनोळखी माणसाला ओळख करून देता येते. ज्याला चुकीचे माहीत आहे, त्याच्यापुढे आधी जुने पुसावे लागते, आणि तेवढा जीव वेंडेलमध्ये उरला नव्हता.

त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा सभागृह भरलेले होते. तो पायरी चढला, मध्यभागी उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. उजवा हात सावकाश गेला. लोक टाळ्या वाजवू लागले, मग ठेका धरून ओरडू लागले, "पूल पाड! पाड! पाड!" वेंडेल हलला नाही. ओरडणे विरळ झाले. कुणीतरी हसले. मग लोक थांबून पाहू लागले, की हा म्हातारा करणार तरी काय.

"सगळे बाहेर पडले?" त्याने विचारले.

या भरल्या सभागृहात तो प्रश्न कॉमिकमध्ये वाचलेला एकटा ओटिस होता. तो दुसऱ्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून, ओठ घट्ट मिटून बसला होता. अर्धा मिनिट संपल्याची घंटा झाली. ब्रियानाने बाजूने हातवारे केले. वेंडेलचा खांदा थरथरत होता, घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, आणि हात खाली घ्यावेत हे त्याला कळत असूनही ते त्याच्याने होत नव्हते.

"सगळे बाहेर पडले?" त्याने पुन्हा विचारले. या वेळी आवाज नाटकातला नव्हता.

ओटिसच्या शेजारी आर्लीन बसली होती. हा प्रश्न तिला नवा नव्हता. दरवर्षी स्पर्धेआधी वेंडेल बेसमेंटमध्ये सराव करी आणि गरम हवेच्या जाळीतून तो आवाज वर स्वयंपाकघरात येई. तिने ती कॉमिके कधी उघडली नव्हती. काय छापले आणि काय नाही, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. पर्स सावरत ती उठून उभी राहिली.

"हो रे," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही. "सगळे कधीच बाहेर पडले, वेंडेल. तूच राहिलायस. ये आता."

वेंडेलने तिच्याकडे पाहिले. मग हात खाली घेतले. आधी डावा, मग दुसऱ्या हाताचा आधार देत उजवा. थोड्या तुरळक टाळ्या झाल्या. त्याला गुण किती पडले, ते विचारायला कुणी थांबले नाही.

वाहनतळावर, गाडीच्या उघड्या दाराआड, आर्लीनने त्याच्या अंगावरून तो पोशाख ओढून काढला आणि पिशवीत घालून चेन लावली. गाडी तिनेच चालवायला घेतली. ओटिस मागे बसला होता.

"छापील नाही हे," तो अखेर म्हणाला.

आर्लीनने गाडी नदीच्या रस्त्याला वळवली.

"पण चालेल," ओटिस म्हणाला.

वेंडेलने ते ऐकले की नाही कोण जाणे. त्याची मान काचेला टेकली होती आणि हात मांडीवर उताणे पडले होते. गाडी नदीवरचा पूल कधी ओलांडून गेली, ते त्याला कळलेसुद्धा नाही.